सक्तीची शिल्लक आणि परताव्याचें वचन

प्रपंचाच्या जमाखर्चांत शिल्लक कशाला म्हणावें, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं सोपा वाटतो. महिन्याच्या प्राप्तींतून खर्च वजा जातां जें उरतें ती शिल्लक, असें कोणीहि गृहस्थ चटकन् सांगेल. पण हाच प्रश्न घरांतील गृहिणीला विचारला, तर उत्तर थोडें निराळें येतें. तिच्या लेखीं शिल्लक म्हणजे अडल्या वेळीं हातीं येणारा पैसा. डाळीच्या डब्याच्या तळाशीं ठेवलेली नोट किंवा पोस्टाच्या पुस्तकांत मांडलेली रक्कम ही खरी शिल्लक. केव्हां वसूल होईल याचा भरंवसा नाहीं असें येणें वहींत कितीहि ठसठशीत लिहिलेलें असलें, तरी ती शिल्लक नव्हे. उधारीचें पोतें सव्वा हात रितें, ही म्हण याच अनुभवांतून निघालेली आहे. शिल्लक आणि येणें यांमधील हा भेद एका संबंध राष्ट्राला कसा अनुभवावा लागला, याची बोधप्रद हकीकत ब्रिटनच्या दुसर्‍या महायुद्धाच्या इतिहासांत सांपडते. तेथील सरकारनें १९४१ सालापासून कोट्यवधि पौंड प्राप्तीवरील करापोटीं घेतले, त्यांतील कांहीं भाग युद्धानंतर परत देऊं असें लेखी वचन दिलें, आणि तें वचन पुरतें फिटावयास तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

ब्रिटनमधील सामान्य कुटुंबांना काटकसर नवी नव्हती. १८६१ सालीं ग्लॅडस्टन यांच्या प्रेरणेनें तेथें पोस्टाची सेव्हिंग्ज बँक सुरू झाली. एक शिलिंग इतक्या लहान रकमेनेंहि तींत खातें उघडतां येई, आणि शेंकडा अडीच टक्के व्याज मिळे. हिंदुस्थानांत पोस्टाची बँक १८८२ सालीं सुरू झाली, ती याच नमुन्यावर. इंग्लंडांतील कामकर्‍यांचा पगार आठवड्याचा असे. पुष्कळ घरांत नवरा शुक्रवारीं किंवा शनिवारीं पगार बायकोच्या हवालीं करी, आणि ती त्याचे लगेच वाटे घाली. घरभाड्याचे वेगळे, कोळशाचे वेगळे, आणि अंत्यविधीसाठीं विमा कंपनीचा माणूस दारावर येऊन नेत असे ते पेनी वेगळे. पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, सरकारनें साडेपंधरा शिलिंगांचें एक प्रमाणपत्र काढलें. पांच वर्षांनीं त्याचा पूर्ण पौंड मिळावयाचा होता. या सर्व व्यवहारांत एक गोष्ट समान होती. पैसा किती ठेवावयाचा हें घर ठरवीत असे, आणि तो केव्हां व किती होऊन परत येणार हें पहिल्याच दिवशीं ठाऊक असे.

दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां केवळ अशा खुषीच्या शिलकेवर भागेल काय, अशी शंका जॉन मेनार्ड केन्स या अर्थशास्त्रज्ञानें उपस्थित केली. १९३९ च्या नोव्हेंबरांत 'टाइम्स' पत्रांत त्यानें दोन लेख लिहिले, आणि १९४० च्या फेब्रुवारींत युद्धाचा खर्च कसा भागवावा या विषयावर एक छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याचा युक्तिवाद असा होता : युद्धकाळीं कारखाने अहोरात्र चालतात, बायकाहि कामावर जातात, घरांत पूर्वीपेक्षां अधिक पगार येतो, पण बाजारांत माल मात्र वाढत नाहीं, कारण कारखान्यांतून तोफा व विमानें निघत असतात. हातांत पैसा अधिक आणि दुकानांत माल तितकाच, असें झालें कीं भाव चढतात. पहिल्या महायुद्धांत हेंच घडलें. राहणीचा खर्च युद्धाच्या अखेरीस दुपटीहून वर गेला. कामकर्‍याचा वाढलेला पगार महागाईनें गिळला, तो पैसा व्यापार्‍यांच्या व कारखानदारांच्या नफ्यांत जमा झाला, आणि सरकारनें तोच पैसा त्यांच्याकडून कर्जाऊ घेतला. युद्ध संपलें तेव्हां श्रीमंतांच्या पदरीं राष्ट्राच्या कर्जाचे रोखे होते आणि श्रमिकाच्या पदरीं कांहींच नव्हतें.

यावर केन्सनें सुचविलेला उपाय असा कीं, पगाराचा एक भाग सरकारनें सक्तीनें बाजूस काढावा, पण तो कर म्हणून गिळूं नये. ज्याचा त्याच्या नांवें जमा ठेवावा. या योजनेला त्यानें पुढें 'लांबणीवर टाकलेला पगार' असें नांव दिलें. हा पैसा पोस्टाच्या बँकेंत, मजूरसंघाकडे किंवा परस्पर साह्य करणार्‍या मंडळीकडे, ज्याला जेथें रुचेल तेथें ठेवावा. त्यावर व्याज मिळावें. आणि युद्धानंतर जेव्हां मंदी येईल, लोक बेकार होऊं लागतील, तेव्हां तो हप्त्यांनीं मोकळा करावा. त्यायोगें युद्धांत भाव आवरले जातील, मंदींत बाजाराला चालना मिळेल, आणि राष्ट्राच्या कर्जाच्या मालकींत गरिबालाहि वांटा मिळेल. ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांना कुटुंबभत्ता द्यावा आणि जीवनास अवश्य अशा थोड्या वस्तु स्वस्त दरानें मिळाव्यात, असेंहि त्यानें जोडून सुचविलें होतें. म्हणजे केन्सच्या मनांतील सक्ती ही एकट्यानें येणारी सक्ती नव्हती. तिच्या बरोबर तिचा मोबदलाहि आंखलेला होता.

योजनेला विरोध झालाच. मजूरपक्षांतील अनेकांना ती पगारकपातच वाटली. खुषीच्या शिलकेची चळवळ चालविणारे लोक गल्लोगल्लीं, शाळांतून आणि कारखान्यांतून बचतगट स्थापीत होते. सक्ती आली तर खुषी आटेल, अशी धास्ती त्या पक्षास होती. ही धास्ती अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. जो माणूस स्वतःहून अर्धा क्राऊन बाजूस काढतो, त्याला त्या अर्ध्या क्राऊनबरोबर एक संवयहि लागते. जो पैसा हातीं येण्यापूर्वींच कापला जातो, त्यानें रक्कम सांचेल, पण संवय लागेलच असें नाहीं.

१९४० च्या उन्हाळ्यांत केन्स अर्थखात्यांत बिनपगारी सल्लागार म्हणून गेला, आणि १९४१ च्या एप्रिलांत अर्थमंत्री सर किंग्ज्ली वुड यांनीं मांडलेल्या अंदाजपत्रकांत त्याची कल्पना उतरली; पण उतरतांना तिचें रूप पालटलें. प्राप्तीवरील कराचा मुख्य दर, जो १९३८ सालीं पौंडामागें साडेपांच शिलिंग होता, तो आतां दहा शिलिंग झाला. म्हणजे करपात्र प्राप्तीच्या वरच्या भागांतून निम्मे पैसे सरकारचे. शिवाय करमाफीच्या मर्यादा खालीं आणल्या. एकट्या माणसाची सूट शंभर पौंडांवरून ८० वर आली, विवाहिताची १७० वरून १४० वर. आणि कष्टाच्या कमाईवर एक षष्ठांश सूट मिळे ती एक दशांश झाली. या कमी केलेल्या सुटींमुळें जो कर वाढला, तेवढाच युद्धानंतर परत मिळावयाचा होता. तोहि एका वर्षांत ६५ पौंडांहून अधिक नाहीं. याला 'युद्धोत्तर जमा' असें नांव मिळालें.

एका घराचा हिशेब पाहिला म्हणजे ही व्यवस्था नीट ध्यानांत येईल. वर्षाला ३०० पौंड कमावणारा एक विवाहित कारागीर घ्या, मूलबाळ नसलेला. पूर्वीच्या सुटींप्रमाणें त्याच्या ३०० पौंडांतून कमाईची सूट ५० व विवाहिताची १७० वजा जाऊन ८० पौंडांवर कर बसला असता. नव्या सुटींप्रमाणें ३० आणि १४० वजा जाऊन १३० पौंडांवर बसला. या पायरीवरचा दर साडेसहा शिलिंग. म्हणजे पूर्वीच्या सुटींनीं २६ पौंड द्यावे लागले असते, ते आतां ४२ पौंड ५ शिलिंग झाले. मधला फरक १६ पौंड ५ शिलिंग, आणि तेवढ्याचेंच प्रमाणपत्र त्याच्या हातीं येणार. जवळजवळ तीन आठवड्यांचा पगार एका कागदावर उतरला. लहानशा घरांत ही रक्कम लहान नव्हती. थंडीचे कोट, एखादें मोठें आजारपण, मुलीचें लग्न, यांपैकीं कांहीं ना कांहीं तींत भागलें असतें.

हा कागद कसा होता, हें महत्त्वाचें आहे. केन्सच्या पुस्तकांतील ठेव बँकेंत राहावयाची होती. ही कोणत्याच बँकेंत नव्हती. ती सरकारच्या सर्वसाधारण तिजोरींत मिळून गेली होती. त्या ठेवीला व्याज मिळावयाचें होतें, हिला नव्हतें. आणि मुख्य म्हणजे परतफेडीचा दिवस कायद्यांत लिहिलेला नव्हता. तो अर्थखात्यानें पुढें ठरवावयाचा होता. ज्या गृहिणीनें १९१६ सालचें साडेपंधरा शिलिंगांचें प्रमाणपत्र घेतलें होतें, तिला या दोन कागदांतील अंतर कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पहिल्यावर तारीख होती, दुसर्‍यावर केवळ वचन होतें.

याच काळांत कर घेण्याच्या रीतींतहि मोठी क्रांति घडली, आणि तिचा इतिहास हिंदुस्थानाशीं थोडा जोडलेला आहे. युद्धापूर्वीं ब्रिटनमध्यें सुमारे ४० लाख लोक प्राप्तीवरील कर भरीत. युद्धाच्या अखेरीस ही संख्या १ कोटी २० लाखांच्या घरांत गेली. या नव्या करदात्यांत बहुसंख्य आठवड्याच्या पगारावर जगणारे होते. त्यांचा कर पगारांतून कापला जाई खरा, पण तो मागील सहामाहीच्या कमाईवर काढलेला असे. जादा कामाच्या दिवसांत मिळालेल्या भरगच्च पगारावरचा कर, काम उतरल्यावरच्या तुटपुंज्या पगारांतून द्यावा लागे; आजारी पडलेल्या माणसाची तर फारच ओढाताण होई. यावर तोड काढणार्‍यांत पॉल चेंबर्स हा अधिकारी प्रमुख होता. तो १९३७ पासून १९४० पर्यंत हिंदुस्थान सरकारचा प्राप्तीवरील करासंबंधींचा सल्लागार होता, आणि येथील पगारांतून कर कापण्याची रीत त्यानें जवळून पाहिली होती. नवी पद्धति पार्लमेंटपुढें जाहीर व्हावयाच्या दिवशींच, २१ सप्टेंबर १९४३ रोजीं, किंग्ज्ली वुड यांचें अकस्मात् निधन झालें. तरी पद्धति ठरल्याप्रमाणें ६ एप्रिल १९४४ पासून अमलांत आली.

तिची मेख अशी होती कीं, दर आठवड्यास वर्षारंभापासूनच्या एकूण कमाईची आणि एकूण सुटीची बेरीज घ्यावयाची, त्यावरचा कर कोष्टकांत पाहावयाचा, आणि आतांपर्यंत कापलेला कर त्यांतून वजा करावयाचा. एखाद्या आठवड्यांत माणूस आजारी पडून पगार बुडाला, तर जास्त कापला गेलेला कर मालकच त्याला परत देई. म्हणजे परतावा मागण्याकरितां अर्ज नको, खेटे नकोत, वर्षअखेरची वाट नको. अडचणीच्या आठवड्यांतच कांहीं शिलिंग घरीं येत. एकाच सरकारनें एकाच युद्धांत परताव्याचे हे दोन प्रकार निर्माण केले. एक आठवड्याचे आंत घरीं येणारा, दुसरा अनिश्चित काळापर्यंत कागदांत बसलेला. पहिला लोकांच्या लगेच अंगवळणीं पडला. दुसर्‍याच्या नशिबीं काय आलें, हें पाहण्याजोगें आहे.

१९४५ सालीं युद्ध संपलें. १९४१-४२ पासून १९४५-४६ पर्यंतच्या पांच वर्षांत जमा झालेली ही रक्कम सुमारे ८० कोटी पौंड होती. २१ एप्रिल १९४६ रोजीं केन्स वारला. ज्या मंदीसाठीं त्यानें हा पैसा राखून ठेवावयास सांगितला होता, ती मंदी आलीच नाहीं. उलट माल थोडा, शिधावाटप कडक, आणि लोकांच्या हातीं पैसा पुष्कळ, अशी स्थिति होती. सर्व रक्कम एकदम मोकळी केली असती, तर जी महागाई टाळण्यासाठीं ती अडकविली तीच उसळली असती, असें सरकारचें म्हणणें होतें, आणि त्या वर्षापुरतें तें खोटें नव्हतें. म्हणून अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनीं १९४६ सालीं फक्त वृद्धांना, म्हणजे ६५ वर्षांवरील पुरुषांना व ६० वर्षांवरील स्त्रियांना, परतफेड सुरू केली. बाकीच्यांनीं म्हातारे होईपर्यंत थांबावें, असाच त्याचा अर्थ झाला.

येथून पुढें या वचनाचा इतिहास सबबींचा इतिहास आहे. महागाई असली तर पैसा सोडणें धोक्याचें. तिजोरींत तूट असली तर सोडणें अशक्य. सरकारें बदललीं, पक्ष बदलले, पण प्रत्येक अर्थमंत्र्याला हें जुनें देणें पुढच्याच्या अंगावर लोटणें सोयीचें वाटलें. १९५९ सालीं वयाची अट दोन वर्षांनीं उतरली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून शेंकडा अडीच टक्के व्याज चालू झालें. मागच्या वर्षांचें व्याज मात्र नाहींच. अखेर १९७२ च्या अंदाजपत्रकांत अँथनी बार्बर यांनीं राहिलेली सर्व जमा परत देऊन टाकण्याचें जाहीर केलें. तोंवर युद्धांत तरुण असलेले कारागीर पेन्शनीच्या वयाला टेकले होते, आणि पुष्कळांची प्रमाणपत्रें त्यांच्या वारसांच्या पेटींत पडलीं होतीं.

शब्दशः पाहिलें तर वचन पाळलें गेलें. पण त्या पौंडाची किंमत काय राहिली होती? युद्धाच्या अखेरीपासून १९७२ पर्यंत ब्रिटनमधील भाव अडीच पटींहून अधिक चढले होते. म्हणजे त्या कारागिराचे १६ पौंड ५ शिलिंग जर त्याला अगदीं शेवटीं मिळाले असतील, तर त्यांत पूर्वीच्या सहासात पौंडांचाहि माल आला नसता. मधल्या कांहीं वर्षांच्या अडीच टक्क्यांनीं ही खोट भरून निघणें शक्य नव्हतें. सरकारनें एक पैहि बुडविली नाहीं, आणि तरीहि घराचा निम्म्याहून अधिक पैसा बुडाला. वरातीमागून आलेलें घोडें घोडेंच असतें. पण त्यावर बसून वरात निघत नाहीं.

असें असलें तरी या योजनेला निव्वळ फसवणूक म्हणणें अन्यायाचें होईल. दुसर्‍या महायुद्धांत ब्रिटनमधील भाव पहिल्या युद्धाच्या मानानें पुष्कळच आटोक्यांत राहिले. त्यांत शिधावाटपाचा, भावनियंत्रणाचा आणि जबर करांचा वांटा होता. जो पैसा घरांत खेळला नाहीं, त्यामुळें पावाचा भाव चढला नाहीं, हा लाभहि त्याच घराला मिळाला होता. शिवाय मुदत ठरवून परतफेड करणें अशक्य होतें असेंहि नाहीं. कॅनडांत युद्धकाळीं याच स्वरूपाचा परत करण्याच्या बोलीचा कर घेतला गेला होता, आणि तो १९४८ व १९४९ सालीं परत देण्यांत आला. दोष सक्तीचा नव्हता. तारीख न लिहिण्याचा होता.

स्वतंत्र भारतांतहि हा प्रयोग झाला. १९६३ च्या अंदाजपत्रकांत मोरारजी देसाई यांनीं सक्तीच्या ठेवींची योजना आणली. ती इतकी अप्रिय ठरली कीं, त्याच वर्षी त्यांच्या जागीं आलेल्या टी. टी. कृष्णम्माचारी यांनीं बहुतेक वर्गांना तींतून मोकळें केलें. १९७४ सालीं महागाई भडकली असतां नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवींत घालण्यांत आला. मात्र तो पांच वार्षिक हप्त्यांनीं व्याजासह परत देण्याचें कायद्यांतच नमूद होतें. नेहमींच्या परताव्याच्या बाबतींतहि असाच पालट झाला. १९२२ च्या कायद्याखालीं सरकारी रोख्यांच्या व्याजांतून कर सर्वांत वरच्या दरानें कापला जाई. थोड्या रोख्यांवर गुजराण करणार्‍या एखाद्या विधवेला करपात्र प्राप्ति नसतांहि अगोदर पैसे जात, आणि मग अर्ज करून ते परत मागावे लागत. १९६१ च्या कायद्यांत उशिरा होणार्‍या परताव्यावर सरकारनें व्याज द्यावें असें कलम आलें. दुसर्‍याचा पैसा वापरला तर त्याचें भाडें द्यावें, हा सावकारीचा जुना नियम सरकारलाहि लागू झाला.

या सर्व हकीकतींतून घराच्या हिशेबापुरतें सार निघतें तें असें. परतावा ही सरकारची कृपा नव्हे आणि दैवाची देणगीहि नव्हे; तो घराचाच पैसा घरीं येत असतो. म्हणून तो आला म्हणजे घबाड मिळाल्यासारखा उधळणें जितकें चूक, तितकेंच तो येण्यापूर्वीं त्याच्या भरंवशावर खर्च मांडणेंहि चूक. आणि सरकारपुरतें सार असें कीं, लोकांना काटकसर शिकवावयाची असेल तर ती पगाराच्या कपातीनें शिकवितां येत नाहीं. ठरल्या दिवशीं ठरलेला पैसा पुरत्या मोलानें परत देऊनच शिकवितां येते. पोस्टाच्या लहानशा पुस्तकानें ज्या लक्षावधि घरांना शिल्लक टाकण्याची गोडी लावली, त्याचें कारण अडीच टक्के व्याज नव्हे. मागतांच पैसा मिळतो ही खात्री होती. ती खात्री असली कीं घर स्वतःहून एक शिलिंग बाजूस काढतें. ती नसली, तर हातांतला कागद कितीहि सरकारी शिक्क्याचा असो, गृहिणी त्याला येणेंच म्हणते, शिल्लक म्हणत नाहीं.